ऑक्सॅलिप्लॅटिन, कॅपेसिटाबिन आणि सोलापूरचा उन्हाळा: घरी काय सांभाळायचं?

प्रश्न (जुळे सोलापूर)
आईचं मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालंय. आता केमो चालू आहे. दर तीन आठवड्यांनी बार्शीला ऑक्सॅलिप्लॅटिनचं सलाइन, आणि घरी चौदा दिवस सकाळ-संध्याकाळ कॅपेसिटाबिनच्या गोळ्या. पहिलं सलाइन परवा झालं. माठातलं पाणी प्यायली की घशात काटे टोचतात म्हणते. ऊन ४२च्या पुढे, नळाला पाणी पाच दिवसांआड. संडास एकच आणि वहिनीला पाचवा महिना. रात्री ताप आला तर बार्शी गाठायची का?

केमो वॉर्डातली सिस्टर
काटे ऑक्सॅलिप्लॅटिनचेच. या औषधाने नसांना गारवा सोसत नाही. सलाइननंतर निदान पाच दिवस माठ, फ्रीज, बर्फ, कूलरचा थेट झोत, सगळं बंद. पाणी साध्या तांब्यातलं किंवा कोमट. फ्रीजमधलं दूध, भाजी दुसऱ्याने काढून द्यायची. घसा आवळल्यासारखा झाला तर आईंना बसवा आणि कोमट पाणी घोटघोट द्या, थोड्या वेळात ओसरतं. मात्र चेहरा-ओठ सुजले, अंगावर पित्त उठलं किंवा खरंच दम लागला तर ती अ‍ॅलर्जी समजा आणि लगेच दवाखाना गाठा. हातापायांना येणाऱ्या मुंग्या पुढच्या सलाइनपर्यंत राहिल्या, ब्लाउजचे हुक लावता येईनात, तर सलाइन लावायच्या आधीच डॉक्टरांना सांगा. डोस बदलता येतो. आई सहन करत गप्प बसतील, म्हणून तुम्हीच विचारा.

तापासाठी बार्शी गाठू नका, सत्तर किलोमीटर आहे. १००.४ फॅरनहाइट (३८ सेल्सिअस) दिसलं की सोलापुरातच सिव्हिलची किंवा जवळची कॅज्युअल्टी गाठा आणि पहिलं वाक्य हेच बोला: ‘केमो चालू आहे आणि ताप आहे.’ सीबीसी (रक्तपेशी मोजायची तपासणी) आणि शिरेतून अँटिबायोटिक तासाभरात व्हायला हवं. आधी पॅरासिटामॉल देऊ नका. ताप झाकला जातो, आत जंतुसंसर्ग वाढत राहतो. फाइल दाराजवळच ठेवा, वर शेवटच्या केमोची तारीख लिहा. बार्शीचा नंबर घरातल्या सगळ्यांच्या मोबाइलमध्ये हवा.

फार्मासिस्ट
गोळ्या जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत, दोन वेळांत बारा तासांचं अंतर. तोडायच्या, कुटायच्या नाहीत. एक वेळ चुकली तर पुढच्या वेळी दुप्पट घ्यायच्या नाहीत. वहिनींनी गोळीला हात लावू नये, आईंचे खराब झालेले कपडे धुवू नयेत. धुणारीने हातमोजे घालावेत, ते कपडे वेगळे धुवावेत. संडासात गोळ्यांच्या दिवसांत आणि नंतर ४८ तास जास्तीचं पाणी लागेल, त्याची एक बादली राखीवच ठेवा. पाणी उंचावरून आपटू नका, शिंतोडे उडतात. खालून, हळू ओता.

प्रश्नकर्ता
शेजारच्या काकू गुळवेलीचा काढा आणि ‘ताकदीच्या’ गोळ्या द्या म्हणतात.

फार्मासिस्ट
दोन्ही नको. ताकदीच्या गोळ्यांत बऱ्याचदा फॉलिक अ‍ॅसिड असतं, त्याने कॅपेसिटाबिनचा त्रास वाढतो: जुलाब, तोंड येणं, तळवे सोलणं. गुळवेलीने काहींच्या लिव्हरला इजा झालेली आहे. काकूंना दुखवू नका, डॉक्टरांवर ढकला. आणि उन्हाने तापलेल्या गच्चीवर आईंना अनवाणी जाऊ देऊ नका, घरातही मऊ चप्पल. तळवे लाल होऊन दुखायला लागले, चालवेना, तर पुढची गोळी न देता फोन करा.

आहारतज्ज्ञ
पिण्याचं पाणी रोज उकळा. खळखळून उकळी आल्यावर मिनिटभर, मग झाकून निववा. पाण्यात हात बुडवायचा नाही, लांब दांड्याचं ओगराळं वापरा. कडक भाकरी आणि शेंगाचटणी तोंड आलेलं असताना बंद. मऊ भाकरी कोमट दुधात कुस्करून किंवा ज्वारीच्या कण्या द्या. वरण, उकडलेलं अंडं चालेल. रसवंतीचा रस, कच्ची मोड आलेली कडधान्यं नकोत. गुळण्यांसाठी एक पेला कोमट पाण्यात पाव चमचा खाण्याचा सोडा आणि त्याच्या निम्मं मीठ, दिवसातून चार-पाच वेळा.

जुलाब नेहमीपेक्षा चार वेळा जास्त झाले, किंवा रात्री उठून जावं लागलं, तर गोळ्या थांबवा आणि लगेच डॉक्टरांना फोन करा. ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच. ग्लासभर पाण्यात अर्धं पाकीट टाकलं तर मीठ जास्त होतं आणि त्रास वाढतो. उरलेलं दुसऱ्या दिवशी ओतून द्या. या उन्हात लघवी गडद पिवळी झाली की समजा पाणी कमी पडतंय.