कॅलिब्रेशन केल्यावरही रिझॉल्व्हमध्ये रंग भडक का दिसतात?

प्रश्न

नमस्कार. मी कोल्हापुरात लग्नसमारंभांच्या व्हिडिओंचे एडिटिंग करतो. दोन महिन्यांपूर्वी २७ इंची नवा मॉनिटर घेतला. तो पी३ या विस्तृत रंगक्षेत्राचा (दाखवता येणाऱ्या रंगांच्या व्याप्तीचा) ९५ टक्के भाग दाखवतो, असे त्याच्या माहितीपत्रकात लिहिले आहे. मित्राकडून कलरीमीटर (पडद्याचे रंग मोजणारे उपकरण) आणून डिस्प्लेकॅल या सॉफ्टवेअरमध्ये कॅलिब्रेशन (पडद्याच्या रंगांची जुळणी) केले. त्यात पांढरा रंग डी६५ (प्रमाण पांढरा), गॅमा (मधल्या छटांचा उजळपणा ठरवणारा आकडा) २.२ आणि प्रखरता १२० निट ठेवली होती. विंडोजमध्ये प्रोफाइल बसले असून छायाचित्रे अगदी योग्य दिसतात. दा विंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या व्ह्यूअरमध्ये (चित्र दाखवणाऱ्या चौकटीत) मात्र नवरीच्या गालावरची हळद केशरी होते, कुंकू पेटल्यासारखे दिसते आणि हातातला हिरवा चुडा डोळ्यांना खुपतो. म्हणून मी सॅच्युरेशन (रंगांची तीव्रता) ५० वरून ३८ पर्यंत खाली आणले, आणि तोच व्हिडिओ फोनवर पाहून यजमानांनी विचारले, की आमच्या घरचे कार्य एवढे निस्तेज का दिसते? त्यांचे म्हणणे खरे होते आणि मला फार वाईट वाटले. विशेष म्हणजे करड्या छटा कुठेही बिघडलेल्या नाहीत आणि नवरदेवाचा गडद निळा फेटाही ठीक दिसतो. दोष मॉनिटरचा आहे, कलरीमीटरचा की माझ्या सेटिंगचा?

पहिले उत्तर

आपण शेवटी लिहिलेल्या दोन निरीक्षणांतच उत्तर आहे. रेक.७०९ (व्हिडिओचे नेहमीचे, लहान रंगक्षेत्र) आणि पी३ या दोन्ही रंगक्षेत्रांचा निळा मूळ रंग एकच आहे (रंगनकाशावर ०.१५०, ०.०६०). लाल मात्र ०.६४०, ०.३३० वरून ०.६८०, ०.३२० वर जातो आणि हिरवा त्याहून जास्त सरकतो, म्हणजे ०.३००, ०.६०० वरून ०.२६५, ०.६९० वर. रेक.७०९ साठी लिहिलेले आकडे रूपांतर न करता पी३ पडद्यावर पाठवले, तर निळा जवळजवळ जागेवर राहतो, लाल आणि हिरवा उसळतात, आणि पांढरा बिंदू डी६५ वरच ठेवलेला असल्यामुळे करडा करडाच राहतो. आपल्याला नेमके हेच दिसत आहे.

हे घडण्याचे कारण असे, की ज्याला आपण सरसकट कॅलिब्रेशन म्हणतो त्यात दोन वेगळी कामे असतात. पहिले काम ग्राफिक्स कार्डात भरलेला वक्र करतो. तो गॅमा आणि करड्या छटा सरळ करतो आणि सगळ्या सॉफ्टवेअरला आपोआप लागू होतो. दुसरे काम आयसीसी प्रोफाइलचे. या पडद्याचा लाल नेमका किती लाल आहे हे त्यात नोंदलेले असते, आणि ते वाचून रंग बदलण्याची जबाबदारी त्या त्या सॉफ्टवेअरची असते. छायाचित्रांचे सॉफ्टवेअर ते वाचते, पण विंडोजवरील रिझॉल्व्हचा व्ह्यूअर वाचत नाही. मॅकवर मात्र त्यासाठी प्रेफरन्सेसमध्ये स्वतंत्र पर्याय आहे. रिझॉल्व्हची रचना मुळात डेकलिंकसारख्या व्हिडिओ कार्डातून वेगळ्या संदर्भ मॉनिटरवर चित्र पाहण्याच्या पद्धतीवर उभी आहे.

खात्री करायची असेल तर टाइमलाइनवर रंगपट्ट्या घ्या, त्यांचे स्थिरचित्र एक्सपोर्ट करा आणि ते प्रोफाइल वाचणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून व्ह्यूअरशेजारी ठेवा. करडी पट्टी जुळली आणि लाल पट्टी जुळली नाही, तर निदान पक्के समजा.

उपाय म्हणून डिस्प्लेकॅलमध्ये रेक.७०९ साठी थ्रीडी लट (लुकअप टेबल, म्हणजे रंग बदलण्याचा तक्ता) तयार करा आणि प्रोजेक्ट सेटिंगमधील कलर मॅनेजमेंटमध्ये ‘कलर व्ह्यूअर लुकअप टेबल’ या जागी निवडा. त्याच यादीतील ‘आउटपुट लुकअप टेबल’ या जागी तो चुकूनही लावू नका, कारण मग आपल्या पडद्यासाठी केलेली दुरुस्ती रेंडर केलेल्या फाइलमध्ये कायमची उतरेल. लट बनवताना कॅलिब्रेशनचा वक्र त्यातच समाविष्ट केला असेल, तर ग्राफिक्स कार्डातला वक्र काढून टाका; नाही तर एकच दुरुस्ती दोनदा लागते आणि सावल्या बिघडतात.

दुसरे उत्तर

वरील निदान मला पूर्ण पटते, पण लटकडे वळण्याआधी मॉनिटरच्या स्वतःच्या मेन्यूत एसआरजीबी (संगणकाचे नेहमीचे रंगक्षेत्र) मोड आहे का ते पाहा, असे मी सुचवेन. एसआरजीबी आणि रेक.७०९ यांचे मूळ रंग एकच असल्याने तो मोड रंगक्षेत्र पडद्यातच आवळतो आणि पुढचे सगळे काम सोपे होते. काही मॉनिटर त्या मोडमध्ये प्रखरता बदलू देत नाहीत. तसे असेल तर लटला पर्याय नाही. मोड बदलल्यावर जुने प्रोफाइल निरुपयोगी ठरते, त्यामुळे पडदा अर्धा तास तापू द्या आणि कॅलिब्रेशन नव्याने करा. त्या वेळी विंडोजचा नाइट लाइट आणि मॉनिटरचा डायनॅमिक कॉन्ट्रास्ट बंद असावा, आणि डिस्प्लेकॅलमध्ये आपल्या पडद्याच्या बॅकलाइटला साजेशी दुरुस्ती फाइल निवडलेली असावी. विस्तृत रंगक्षेत्राच्या पडद्यांवर ती नसेल तर कलरीमीटरचा पांढरा रंगच चुकू शकतो.

गॅमाविषयी मतभेद आहेत. मंद उजेडाच्या खोलीत बीटी.१८८६ या प्रसारण मानकाचा २.४ गॅमा आणि १०० निट ही प्रसारणाची रीत आहे. परंतु आपले प्रेक्षक उजेडात बसून फोनवर पाहणारे असतील आणि आपली खोलीही दिव्याने उजळलेली असेल, तर २.२ सोडू नये असे माझे ठाम मत आहे.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

दोघांचेही मनापासून आभार. पट्ट्यांची चाचणी केली. करडी तंतोतंत जुळली, लाल आणि हिरवी अजिबात नाही. माझ्या मॉनिटरच्या एसआरजीबी मोडमध्ये प्रखरता बदलता येत नाही, म्हणून लटचाच मार्ग घेतला आणि कार्डातला वक्र काढून टाकला. तीच हळद आता पिवळी दिसते आणि सॅच्युरेशन ४८ वर ठेवले तरी कुंकू अंगावर येत नाही. यजमानांना नवी प्रत पाठवणार आहे. एक शंका उरली आहे: मित्राच्या मॅकवर क्विकटाइम प्लेअरमध्ये हीच फाइल थोडी फिकी का दिसते?

दुसरे उत्तर देणाऱ्याकडून

तो वेगळा विषय आहे आणि त्यासाठी आपल्या ग्रेडिंगला (केलेल्या रंगसुधारणेला) हात लावू नका. रेक.७०९ अशी नोंद असलेली फाइल मॅकची रंगव्यवस्था साधारण १.९६ गॅमा धरून दाखवते, त्यामुळे मधल्या छटा उजळतात. प्रेक्षक प्रामुख्याने मॅकवरच पाहणार असतील, तर रिझॉल्व्हमध्ये ‘रेक.७०९-ए’ हा पर्याय आहे. आपले यजमान फोनवर पाहतात, तेव्हा पाठवण्यापूर्वी दोन-तीन वेगवेगळ्या फोनवर ती प्रत चालवून पाहणे अधिक उपयोगी पडेल.