मदत हवी आहे: डोळ्यात सिरॅमिकचा गोळा की प्लास्टिकचा? (नागपूर, शुक्रवारपर्यंत सांगायचंय)

हिंगणारोड: भावाचं शुक्रवारी ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणाले, कोणता गोळा ते ठरवून सांगा. सिरॅमिकचा बराच महाग आहे. घरचे सगळे मलाच विचारून राहिले. ज्यांनी बसवलाय त्यांनी लवकर लिहा.

बर्डीकर: मोतीबिंदू ना? बाबांना घडीची लेन्स बसवली, दुसऱ्या दिवशी पेपर वाचत होते. लेन्स सिरॅमिकची नसते, कोणीतरी फसवत आहे.

हिंगणारोड: मोतीबिंदू नाही हो. डोळा काढायचा आहे, त्याच्या जागी आत बसवायचा गोळा.

त्रिमूर्तीनगरची_ताई: माझा ९ वर्षांपूर्वी काढला. हायड्रॉक्सीअपेटाइटचा गोळा आहे. हाडांत असतं तेच खनिज, समुद्रातल्या प्रवाळापासून करतात. बारीक छिद्रं असतात, त्यांत आपल्या रक्तवाहिन्या वाढतात आणि गोळा शरीराचाच होऊन जातो. पैसे बघू नका, हाच घ्या. नंतर त्याला खुंटी बसवून घ्या, वरचा डोळा सोबत फिरतो. मला अजून कोणी ओळखलं नाही.

चष्मा_तपासनीस: ताई, तुमचं चांगलं झालं याचा आनंद आहे, पण खुंटीचा सल्ला सरसकट देऊ नका. स्राव येत राहतो, मांस वाढतं, कधी गोळा उघडा पडतो. आता फार कमी सर्जन ती बसवतात. आणि खुंटी नसेल तर सच्छिद्र आणि प्लास्टिकच्या म्हणजे अ‍ॅक्रिलिक गोळ्याच्या हालचालीत फारसा फरक पडत नाही. सिरॅमिकमध्ये अ‍ॅल्युमिनाचाही येतो. अमेरिकेत हायड्रॉक्सीअपेटाइटला १९८९ मध्ये मान्यता मिळाली, अ‍ॅल्युमिनाला २०००मध्ये. दोन्ही चालतात. गोळ्याचं माप आणि तो नीट झाकला जाणं, हे त्याच्या जातीपेक्षा जास्त महत्त्वाचं.

त्रिमूर्तीनगरची_ताई: पुस्तकात वाचणं वेगळं आणि रोज आरशात बघणं वेगळं. साधा गोळा सरकतो, हे माझ्या वॉर्डातल्या बाईचं डोळ्यांनी पाहिलंय.

चष्मा_तपासनीस: सरकू शकतो, मान्य. सच्छिद्र गोळा उघडा पडला तर जंतुसंसर्ग काढणं जड जातं, हेही खरं. हिंगणारोड, वय किती? कशामुळे? पूर्ण डोळा काढणार की फक्त आतलं काढून पांढरं कवच ठेवणार? कवच राहिलं तर गोळा त्यातच बसतो.

बर्डीकर: वर जो डोळा दिसतो तो कोणता मग?

चष्मा_तपासनीस: तो रंगवलेला अ‍ॅक्रिलिकचा पातळ शेल. सूज उतरल्यावर, साधारण ६ ते ८ आठवड्यांनी मापाने करतात.

हिंगणारोड: वय २६. एमआयडीसीत ग्राइंडरवर होता, लोखंडाचा कण घुसला. टाके घातले तरी दिसत नाही, दुखतं. ४ आठवडे झाले. पूर्ण की आतलं, ते विचारलं नाही.

कामगार_वाडी: गॉगल दिला होता का? ईएसआयसीचं कार्ड असेल तर खर्च आणि अपंगत्वाचा लाभ दोन्ही बघा. अपघाताची नोंद कंपनीने केली की नाही, हे आधी तपासा. आमच्याकडे एकाची राहून गेली होती.

चष्मा_तपासनीस: ते नंतर. दुसरा डोळा कसा आहे?

हिंगणारोड: दुसरा चांगला आहे. परवापासून उजेड सहन होत नाही म्हणतो, थोडं धूसर दिसतं. रात्रभर जागतो, रडतो, आम्हाला वाटलं त्यानेच.

चष्मा_तपासनीस: शुक्रवारची वाट पाहू नका. एका डोळ्याला उघडी जखम झाली की काही रुग्णांत चांगल्या डोळ्यालाही आतून सूज येते. क्वचित होतं, पण औषध लगेच सुरू केलं तर दृष्टी वाचवता येते. आजच रेटिना बघणाऱ्या डॉक्टरांना दाखवा. गोळ्याचा विषय बाजूला ठेवा. आणि लोखंड पूर्ण निघालं याची खात्री होईपर्यंत एमआरआय करू देऊ नका, सीटी चालतो.

त्रिमूर्तीनगरची_ताई: अरे देवा. भाऊ, आत्ता निघा. मीही हेच म्हणते.

हिंगणारोड: ऑटोत बसलो. फाइल डॉक्टरांकडेच आहे, तशीच जाऊ का?

चष्मा_तपासनीस: जा. जखम कोणत्या तारखेला झाली आणि दुसऱ्या डोळ्याला कधीपासून त्रास आहे, एवढं तोंडी सांगा.