शब्दचर्चा: व्हाळातले बारके मासे, गप्पी आणि ‘नुक्ता’

व्हाळकाठचा
दिवाळीच्या सुट्टीत भाचरांना घेऊन कुडाळकडच्या आमच्या व्हाळावर, म्हणजे ओढ्यावर, गेलो होतो. गळाला गांडूळ लावून मळये आणि खवळे काढायचा बेत होता. गळ मोठा पडला, मासे आमिष कुरतडून पसार. मग पोरांनी पंचा धरला आणि काठच्या गवताखालून ओढला. पंच्यात कोळंबी आली, बेडकाची पिल्लं आली आणि ध्यानीमनी नसलेले चार-पाच बोटभर मासे आले. पिवळसर अंग, त्यावर उभे काळे पट्टे आणि डोक्यावर मधोमध चांदीचा ठिपका. पाण्यात असताना वरून फक्त तो ठिपकाच चमकतो.

पोरं लगेच ओरडली, “गप्पी! गप्पी!” शेजारच्या आजी काठावरनंच म्हणाल्या, “तो खाऊचो नाय रे, सोड तेका.” नाव विचारलं तर ‘बारको मासो’. म्हणजे जो खात नाहीत त्याला नावही नाही!

दोन प्रश्न आहेत. या ठिपकेवाल्याला तुमच्याकडे काय म्हणतात? आणि ‘गप्पी’ हा शब्द आला कुठून? आमच्या लहानपणी तो कानावर नव्हता.

शब्दवेडी
दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं वाटतंय. डासांच्या अळ्या गपकन गिळतो म्हणून गप्पी. गपागप खाणे, गप्पकन गिळणे ही सगळी एकाच कुळातली.

निवांत
की तोंड मिटून गप्प असतो म्हणून? :)

मुठेकाठ
दोन्ही व्युत्पत्त्या गोड आहेत, पण खऱ्या नाहीत. गप्पी हे एका माणसाचं आडनाव आहे. रॉबर्ट जॉन लेचमेअर गप्पी त्रिनिदादमध्ये राहायचे. त्यांनी तिथले हे मासे लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला पाठवले आणि 1866 मध्ये आल्बर्ट ग्युंथर यांनी त्यांच्या नावावरून माशाचं बारसं केलं. गंमत अशी की व्हेनेझुएलाच्या नमुन्यांवरून पीटर्स यांनी 1859 मध्येच त्याला ‘रेटिक्युलाटा’, म्हणजे जाळीदार, असं नाव देऊन ठेवलं होतं. शास्त्रात आधीचं नाव टिकतं, त्यामुळे कागदावरून गप्पीसाहेब गेले आणि लोकांच्या तोंडात राहिले.

आपल्याकडे हा शब्द हिवताप निर्मूलनाच्या कामातून पसरला. आरोग्य खात्याची माणसं टाक्यांत, डबक्यांत गप्पी सोडतात, भिंतीवर ‘गप्पी मासे पाळा’ असं रंगवतात. पावसाळ्यात डबकं भरून ओढ्याला मिळालं की मासेही ओढ्यात. मादी अंडी घालत नाही, थेट पिल्लांना जन्म देते, त्यामुळे वाढ झपाट्याने होते. पुण्यातल्या नाल्यात आता चाळणी बुडवली तर पहिल्यांदा तेच येतात.

पण तुमचा तो मासा गप्पी नव्हे. गप्पीच्या डोक्यावर चांदीचा ठिपका नसतो. नराची शेपूट रंगीत असते, आणि मादी करड्या रंगाची, पोटाच्या मागच्या बाजूला एक काळपट डाग.

एर्नाकुलमहून
मी मूळची सावंतवाडीची, नोकरीमुळे केरळात. वर्णनावरून तुमचा मासा इथे प्रत्येक तळ्यात आणि भाताच्या खाचरात दिसतो. मल्याळममध्ये त्याला ‘मानत्तुकण्णि’ म्हणतात. मानम् म्हणजे आकाश, कण्ण् म्हणजे डोळा. डोक्यावरच्या त्या ठिपक्यामुळे मासा आभाळाकडे डोळा लावून बसल्यासारखा दिसतो. इथल्या पोरांना दुसरा कुठला मासा ओळखता नाही आला तरी हा येतो. पाण्याच्या अगदी वरच्या थरात असतो आणि डासांच्या अळ्या हाही खातो, तेही कुणी न सोडता.

व्हाळकाठचा
मानत्तुकण्णि! एवढं देखणं नाव दोन राज्यं ओलांडून इकडे यायला हवं होतं. हाच तो. म्हणजे अळ्या खाणारा मासा आमच्या व्हाळात आधीपासून होता आणि नाव मात्र पाहुण्याचं झालं.

घोडनदी
आमच्याकडे देशावर व्हाळ नाही, ओढा. आणि ओढ्यात पोरांची पहिली शिकार म्हणजे मळ्या, तुमचा मळयो असावा. हनुवटीखाली चकती असते, तिने तो दगडाला धरून राहतो आणि दगडावरचं शेवाळ खरवडून खातो. वडील म्हणायचे की दगडाचा मळ खातो तो मळ्या. दुसरा मुऱ्या. मिश्या असलेला, अंगावर पट्टे, पाय लागला की वाळूत गडप. वाळूत मुरतो म्हणून मुऱ्या. हे मला पटतं, पुरावा मागू नका.

मुठेकाठ
पुरावा नाही मागत, उलट एक साक्षीदार देतो. कर्नल विल्यम हेन्री साइक्स. 1824 मध्ये मुंबई सरकारने त्यांना दख्खनची आकडेवारी गोळा करायला नेमलं. मोजणी करता करता हा माणूस पक्षी, मासे, पिकं, पाऊस सगळंच टिपत सुटला. दख्खनच्या माशांची त्यांनी दिलेली शास्त्रीय नावं 1839 ची आहेत आणि त्यांतली कितीतरी सरळ मराठी आहेत. म्हणजे भीमेच्या खोऱ्यातल्या भोयांनी आणि कोळ्यांनी उच्चारली तशी, इंग्रज कानाला ऐकू आली तशी.

आता गोची अशी की ती नावं आपण उलट मराठीत आणताना चुकतो. साइक्सच्या काळच्या इंग्रजी लिखाणात ‘यू’ हे अक्षर बहुतेक वेळा आपल्या ‘अ’साठी येतं, ‘ई’साठी दोन ‘ई’ आणि ‘ऊ’साठी दोन ‘ओ’. दख्खनला ते ‘डखन’ वाचलं जाईल अशाच अक्षरांत लिहितात, आणि दोन्ही ठिकाणी ‘यू’ असतो. ट-त, ड-द, ळ-ल हे फरक तर रोमन अक्षरांत उरतच नाहीत. त्यामुळे पुस्तकांत ‘गारा मुल्या’ छापतात, पण तो घोडनदी यांचा मळ्याच. ‘मूरेह’ हा त्यांचा मुऱ्या. पाहा, ‘मुऱ्या’ला दोन ओ आहेत आणि ‘मळ्या’ला यू. ‘सींगटी’ म्हणजे शिंगटी आणि ‘सींघाला’ म्हणजे शिंगाळा, हे दोन तर कुणीही ओळखेल. ‘कोलस’ हा कोळस.

सगळ्यात मजेशीर ‘नुक्ता’. याला ‘नुक्ता’ म्हणून वाचलं की उर्दूतला टिंब आठवतो आणि लोक तसा अर्थही सांगतात. पण वरचा नियम लावा: नकटा! या माशाच्या नाकाडावर टेंगूळ असतं आणि त्याखाली तोंड कापल्यासारखं आत जातं. भोयाने त्याला नकटा म्हटलं असणार, आणखी काय म्हणणार?

शब्दवेडी
मग ‘खुद्री’? तो तर प्रसिद्ध मासा आहे, महसीर. लोणावळ्याला टाटांच्या तलावात त्याची पैदास करतात.

मुठेकाठ
तोही साइक्सचाच. यू म्हणजे अ धरला तर खद्री किंवा खडरी. आज त्याला खडस, खडशी म्हणणारे लोक भेटतात. माझं मत खडकाकडे झुकतं, कारण हा खडकाळ, वाहत्या पाण्याचा मासा आहे. पण इथे मी घोडनदींच्या बाकावर बसतो, पुरावा मागू नका.

शब्दवेडी
म्हणजे आपल्या ओढ्यातली नावं लॅटिनमध्ये जाऊन बसली आणि एका साहेबाचं आडनाव आपल्या ओढ्यात पोहतंय. अदलाबदल झाली म्हणायची!

आगरी_पोर
थोडं विषयांतर. या बारक्या माशांना आमच्याकडे पेण-अलिबाग बाजूला एक वेळ असते, वलगण. पहिला जोराचा पाऊस झाला की मासे अंडी घालायला ओढ्यातून वर, शेतात चढतात. ती वलगण, आणि ते वलगणीचे मासे. रात्री बत्ती घेऊन सगळा गाव बांधावर.

व्हाळकाठचा
आम्ही ‘चढणीचे मासे’ म्हणतो. वाटेत खोईन, म्हणजे मासे अडकवायचा सापळा, लावून ठेवतात.

घोडनदी
घाटावर चढणीचेच. वलगण हा शब्द पहिल्यांदा ऐकला.

आगरी_पोर
हल्ली वलगणीला नको म्हणणारेही आहेत गावात. गाभोळी भरलेले मासे धरले तर पुढे येणार काय? आजोबा ऐकत नाहीत.

व्हाळकाठचा
सगळ्यांचे आभार. पोरांना मानत्तुकण्णि सांगितलं, त्यांना ते म्हणता येईना. त्यांनी परस्पर ‘टिकल्या’ ठरवून टाकलं आहे आणि आता वाडीत तेच चालू आहे. बाकीचे मासे सोडले, एक टिकल्या धाकट्याने बरणीत ठेवलाय. गप्पीही आणून त्यात सोडायचा म्हणतो.

एर्नाकुलमहून
नका सोडू, गप्पीची पिल्लं एका दिवसात फस्त करेल. आणि बरणीला झाकण आहे ना? हा उडी मारतो.

व्हाळकाठचा
झाकण नव्हतं. आत्ता लावलं, भोकं पाडून. टिकल्या आहे जागेवर. उद्या व्हाळात सोडायला सांगतो.