मदत हवी आहे : भाऊ दिवसभर वाचतो तरी दोन विषय राहिले, परीक्षा तीन आठवड्यांवर

सुईदोरा
लवकर सांगा, वेळ नाही. धाकटा भाऊ बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला आहे. पहिल्या सेमला दोन विषय राहिले. आता ते दोन आणि दुसऱ्या सेमचे सगळे पेपर एकत्र आलेत. अभ्यास करत नाही असं अजिबात नाही. पहाटे उठून बसतो, कॉलेजहून आला की परत बसतो, रात्री अकरापर्यंत पुस्तक हातातच असतं. विषयाचा क्लास सुचवू नका, लावून झाला, नऊ हजार गेले. अभ्यास कसा करायचा आणि लक्षात कसं ठेवायचं, हे शिकवणारं सोलापुरात कुणी आहे का?

हॉटगी_रोड
विषय कोणते? दहावीपर्यंत माध्यम कुठलं होतं? पेपर अर्धा सुटतो की पूर्ण लिहून मार्क पडत नाहीत? यातलं काहीच लिहिलं नाही तर कोण काय सांगणार?

सुईदोरा
विषयाचा काय संबंध? लक्षात राहत नाही हा प्रश्न आहे. फिजिक्स आणि मॅथ्स.

नीलमणी
ताई, २५ मिनिटं अभ्यास आणि ५ मिनिटं सुट्टी, असे चार फेरे झाले की मोठी सुट्टी. फ्रान्चेस्को चिरिल्लो नावाच्या इटालियन माणसानं १९८० च्या दशकाच्या अखेरीस कॉलेजात असताना ही पद्धत काढली. स्वयंपाकघरातलं टोमॅटोच्या आकाराचं घड्याळ लावून तो बसायचा, म्हणून तिला पोमोडोरो म्हणतात, इटालियनमध्ये पोमोडोरो म्हणजे टोमॅटो. मी सीएची पहिली परीक्षा याच पद्धतीनं काढली. मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवायचा, एवढीच अट.

सुईदोरा
आमच्याकडे दुसरी खोली नाही. आणि त्याचं लक्ष लागतं, तो प्रश्नच नाही. वाचलेलं राहत नाही.

निवृत्त_मास्तर
मग पंचवीस मिनिटं वाचलं काय आणि पाच तास वाचलं काय, फरक पडणार नाही. पोरगा वाचायलाय, आठवायची सवय नाही. रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली अमेरिकेत विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. काहींना उतारा दोनदा वाचायला दिला. काहींनी एकदा वाचला आणि मग तो न बघता आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर दोनदा वाचणारे पुढे. आठवड्यानं घेतली तेव्हा त्यांना ४२ टक्के आठवलं, लिहून काढणाऱ्यांना ५६ टक्के. तुमच्या भावाचं तेच होतंय. रात्री वाटतं सगळं येतंय, हॉलमध्ये पान कोरं. पुस्तक मिटून कागदावर लिहायला लावा, मग उघडून काय राहिलं ते लाल पेननं भरायला सांगा. पस्तीस वर्षं शिकवलं, याहून खात्रीचं काही पाहिलं नाही.

स्वप्नपूर्ती
ताई, फिजिक्स सोडून आर्ट्सला घाला आणि आतापासून एमपीएससीची तयारी सुरू करा. माझा आतेभाऊ दुसऱ्या प्रयत्नात निघाला. पुस्तकांची यादी देऊ का?

सुईदोरा
नको. त्याला फिजिक्सच करायचंय.

मायमराठी
मूळ दुखणं इंग्रजीचं आहे. मातृभाषेत शिकवलं असतं तर ही वेळ आली नसती. अभ्यासक्रम इंग्रजीत असला तरी स्थानिक भाषेत उत्तरं लिहू द्या, असं यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, एप्रिल २०२३ मध्ये विद्यापीठांना कळवलंय. भावाला सरळ मराठीत पेपर लिहायला सांगा.

हॉटगी_रोड
असं परस्पर सांगू नका, पोराचं वर्ष जाईल. यूजीसीनं विद्यापीठांना कळवणं वेगळं आणि आपल्या परीक्षेत ते लागू असणं वेगळं. आधी कॉलेजच्या परीक्षा विभागात विचारा. आणि बीएस्सी फिजिक्सची मराठी पुस्तकं आणणार कुठून?

मायमराठी
भाषा संचालनालयाचा भौतिकशास्त्राचा परिभाषा कोश आहे, इंटरनेटवर फुकट बघता येतो. मोमेंट ऑफ इनर्शिया, म्हणजे वस्तू फिरवताना जाणवणारा जडपणा, त्याला जडत्व आघूर्ण. शब्द आहेत, वापरायची इच्छा नाही.

रसायनी
शब्दकोशानं गणित सुटत नाही हो. मराठी माध्यमातून येऊन मी एमएस्सी केलं. पहिलं वर्ष मलाही जड गेलं, पण तीनशे-चारशे शब्दांत सगळं फिजिक्स फिरतं. तेवढे पाठ केले की झालं.

निवृत्त_मास्तर
पाठ करून नव्हे, वापरून. आमच्या वेळी सोलापूरची कॉलेजं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती, २००४ ला आपलं विद्यापीठ वेगळं झालं. तेव्हाही मराठी माध्यमाचीच पोरं यायची. जी फळ्यासमोर उभी राहून बोलायची ती तरायची.

भीमाकाठ
एका जिल्ह्यासाठी विद्यापीठ काढून काय मिळालं, यावर एकदा वेगळा धागा काढा कुणीतरी.

सुईदोरा
कृपा करून इथं नको. तीन आठवडे आहेत माझ्याकडे.

तासिकावाली
मी सीनियर कॉलेजला तासिका तत्त्वावर फिजिक्स शिकवते, पेपरही तपासते. ताई, एकच विचारते. त्याच्या उत्तरपत्रिकेची झेरॉक्स काढली होती का? निकालानंतर ठराविक दिवसांतच अर्ज करता येतो, म्हणून विचारते.

सुईदोरा
फिजिक्सची काढली होती. मार्क कापलेत असं त्याला वाटत होतं. बेरीज बरोबर निघाली म्हणून पुढं काही केलं नाही. घरात आहे कुठंतरी.

तासिकावाली
ती शोधा आणि प्रत्येक उत्तराशेजारी प्रश्नाचा पहिला शब्द लिहा. स्टेट, डिफाईन, एक्स्प्लेन, डिराईव्ह, जो असेल तो. मग इथं सांगा.

सुईदोरा
आत्ता बसून बघितलं. आईच्या ट्रंकेत होती. चार प्रश्नांत एकच गोष्ट दिसते. आधी पूर्ण प्रश्न उतरवून काढलाय, तीन ओळी त्यातच जातात. मग पुस्तकातली व्याख्या, शब्दन् शब्द बरोबर. मग थांबलाय. समांतर अक्षाचं प्रमेय सहा मार्कांना होतं, ‘स्टेट अँड प्रूव्ह’. त्यानं फक्त स्टेट केलंय, चार ओळी. आकृती नाही. दोन मार्क मिळालेत. त्याला विचारलं, प्रूव्ह का नाही केलं? म्हणाला, ‘अक्का, मला वाटलं दोन्हीचा अर्थ एकच.’

मी शिवणकामाला जाते, दिवसाला किती कॉलर लावल्या ते मोजून घरी येते. त्याची वही कधी उघडून बघितली नाही. फार वाईट वाटलं.

तासिकावाली
वाईट वाटून घेऊ नका. शंभर पेपर तपासले तर त्यातल्या कितीतरी पोरांचं हेच असतं, आणि हे तीन आठवड्यांत सुधारण्यासारखं आहे. स्टेट म्हणजे विधान लिही. एक्स्प्लेन म्हणजे का आणि कसं ते सांग, आकृती काढ. डिराईव्ह किंवा प्रूव्ह म्हणजे गृहीत काय तिथपासून सूत्रापर्यंत एकेक पायरी. तपासताना पायरीला मार्क असतात. शेवटचं सूत्र चुकलं तरी आधीच्या पायऱ्यांचे मिळतात. कोरी जागा सोडली तर काहीच देता येत नाही. आणि प्रश्न उतरवायचा नाही, नुसता क्रमांक घालायचा.

आणि मॅथ्सचा अभ्यास कसा करतो?

सुईदोरा
सोडवलेली गणितं वाचतो. गाईडमधली. दोन-तीनदा.

निवृत्त_मास्तर
म्हणजे मॅथ्ससुद्धा वाचतो! अहो ताई, हे पहिल्या दिवशी लिहायला हवं होतं. गणित वाचून येत नसतं. उत्तर झाकायचं, पेन हातात घ्यायचं, अडेल तिथं फक्त पुढची एक ओळ उघडायची आणि परत झाकायचं. आणि पाठांतर बंद.

तासिकावाली
सर, पाठांतर सरसकट बंद नको. तीन आठवडे आहेत. डिरायव्हेशनची सुरुवात आणि शेवट पाठच असावेत, मधला रस्ता समजून घ्यावा. हॉलमध्ये सुरुवातच आठवली नाही तर समजलेलंही बाहेर येत नाही.

निवृत्त_मास्तर
सुरुवात आणि शेवट, मान्य. मधलं पाठ करायला लावलं तर परत तिथंच येऊ.

कन्ना_चौक
एक विचारतो, राग मानू नका. ‘अक्का’ म्हणाला म्हणजे घरात तेलुगू बोलता का? आम्हीही सोलापूरच्या पूर्व भागातले, तेलुगू वस्तीतले. घरात तेलुगू, शाळेत मराठी, कॉलेजात इंग्रजी. मला कुठलंच सलग यायचं नाही. माझ्या एका मित्रानं सवय लावली, प्रत्येक धडा आधी घरच्या भाषेत कुणालातरी सांगायचा. ऐकणाऱ्याला कळलं तर आपल्याला कळलंय. शब्द इंग्रजीच राहू देत, वाक्यं आपली. तुमच्याकडे ऐकायला कोण आहे?

सुईदोरा
आई आहे. दिवसभर विड्या वळते, कान मोकळेच असतात. आज रात्री करून बघते.

रसायनी
आईंना फिजिक्स काय कळणार? त्यापेक्षा यूट्यूबवर चांगले व्हिडिओ आहेत.

कन्ना_चौक
व्हिडिओ ‘म्हणजे काय?’ असं विचारत नाही. आई विचारते.

सुईदोरा
काल रात्री झालं ते लिहिते. त्यानं समांतर अक्षाचं प्रमेय आईला सांगायला घेतलं. दोन वाक्यांत अडकला, परत व्याख्याच म्हणायला लागला. आई म्हणाली, अक्ष म्हणजे काय? त्याला सांगता येईना. मग त्यानं आईच्या मांडीवरचं सूप घेतलं, पत्ती आणि तंबाखू खाली कागदावर काढून ठेवली. सूप मधोमध बोटावर धरून फिरवलं, मग कडेला धरून फिरवलं. आई म्हणाली, कडेला धरलं की जड लागणारच, सगळं वजन लांब जातं की. तो गप्पच झाला. मग वही घेतली आणि अक्ष मधून कडेला नेला की मोमेंट ऑफ इनर्शिया किती वाढतो, ते स्वतः लिहीत गेला. मधे दोनदा अडला, तिथं पुस्तक उघडून एक ओळ बघितली आणि परत मिटलं. दीड पान झालं. आकृतीसुद्धा काढली.

तासिकावाली
हेच. उद्या तेच प्रमेय कोऱ्या कागदावर परत लिहायला लावा, मग तीन दिवसांनी, मग आठवड्यानं. रोज नको. थोडं विसरायला लागल्यावर आठवलं की जास्त टिकतं. आणि रविवारी जुना पेपर पूर्ण, घड्याळ लावून, मधे न उठता.

स्वप्नपूर्ती
ताई, यादी पाठवायची राहिली होती, देऊ का?

सुईदोरा
नको, खरंच. मॅडम, रविवारी पेपर लिहिला. दोन प्रश्न राहिले, पहिल्या प्रश्नावरच पाऊण तास गेला त्याचा. मार्कांप्रमाणे वेळ वाटून वहीवर लिहून दिलाय. पण आमच्या खाली माग आहेत, रात्री दहापर्यंत खटखट चालते, आणि सलग तीन तास बसायला जागा नाही. पूर्व भागात रात्री उशिरापर्यंत उघडी असलेली, महिन्याला तीनशे-चारशेच्या आत बसणारी अभ्यासिका कुणाला माहीत आहे का? चालत जाता येईल अशी.

कन्ना_चौक
कुठल्या बाजूला राहता? अशोक चौकाकडे की साखर पेठेकडे?