एक पट्टी सरकत नाही म्हणून आख्खी विंडोज बदलायची?

निगेटिव्हवाला

२०१० सालचा लॅपटॉप आहे. पहिल्या पिढीचा कोअर आय-५, विंडोज ७. त्याला काम एकच: जुन्या फिल्मच्या निगेटिव्ह स्कॅन करणं. स्कॅनरचं सॉफ्टवेअर पुढच्या कुठल्याच विंडोजवर चालत नाही, म्हणून हा लॅपटॉप जपून ठेवलाय. गेल्या महिन्यात हार्ड डिस्क गेली. एसएसडी बसवली, कपाटातली विंडोज ७ ची मूळ इन्स्टॉलेशन डिस्क काढून ती नव्याने टाकली आणि तेव्हापासून स्क्रीन कायम फुल ब्राइटनेसवर. एफएन धरून सूर्याचं बटण दाबलं तर ढिम्म. पॉवर ऑप्शन्सच्या खिडकीत तळाशी ब्राइटनेसची पट्टी असायची, ती पट्टीच गायब. रात्री समोर बसलं की कोणीतरी डोळ्यात टॉर्च मारतंय असं वाटतं.

ज्याला विचारावं तो म्हणतो, "अजून सात वापरतोस? नवीन टाक." एका दुरुस्तीवाल्याने तर लॅपटॉप न उघडताच मदरबोर्ड गेल्याचं जाहीर केलं.

माझं मत सरळ आहे. डिस्क जायच्या आदल्या रात्रीपर्यंत हीच विंडोज, हाच पडदा आणि हीच बटणं गुण्यागोविंदाने चालत होती. मग सिस्टम जुनी असणं हे कारण कसं? बिघाड आहे तो शोधावा आणि दुरुस्त करावा. पटत नसेल त्यांनी कारणासकट सांगावं.

अपडेटकर

पूर्ण असहमत. ब्राइटनेस हे नुसतं निमित्त आहे. विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला. क्रोमची १०९ नंतरची आवृत्ती त्यावर चालत नाही. आज पट्टी गेली, उद्या वायफाय जाईल, परवा आणखी काही. प्रत्येक वेळी धागा काढणार का? २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय हा फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस पसरला तेव्हा बळी गेलेल्यांत बहुतेक मशीन विंडोज ७ चीच होती, हे विसरू नका.

निगेटिव्हवाला

वॉनाक्रायचं उदाहरण तुमच्यावरच उलटतंय. त्या भोकाचं ठिगळ मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी मार्चमध्ये दिलं होतं, म्हणजे दोन महिने आधी. ज्यांनी ते लावलं नाही ते अडकले. दोष सातचा की आळसाचा?

अपडेटकर

मग तुम्हीच सांगा, कपाटातल्या डिस्कवरून परवा टाकलेल्या तुमच्या विंडोजमध्ये २०१७ चं ठिगळ कुठून येणार? तुमचं मशीन आत्ता त्या आळशांच्याच रांगेत उभं आहे.

निगेटिव्हवाला

हा मुद्दा मान्य. खरंच डोक्यात आला नव्हता. पण लॅपटॉप नेटला लावलेलाच नाही, लावणारही नाही. स्कॅन पेनड्राइव्हने बाहेर जातात.

घिसाडी

सुरक्षेचं भांडण नंतर करा, आधी रोग तर बघू. डिव्हाइस मॅनेजर उघडा. 'डिस्प्ले अ‍ॅडॅप्टर्स'खाली काय लिहिलंय? 'स्टँडर्ड व्हीजीए ग्राफिक्स अ‍ॅडॅप्टर' असेल तर बाकी काही बघूच नका. आणि एक विचारतो, अक्षरं थोडी फेंगडी, ताणल्यासारखी दिसतात का?

निगेटिव्हवाला

तेच लिहिलंय! आणि हो, दिसतात. मला वाटलं चष्म्याचा नंबर वाढला.

घिसाडी

नंबर जागेवर आहे. आता गंमत ऐका. विंडोज ७ मायक्रोसॉफ्टने जुलै २००९ मध्ये पक्की केली, तुमच्या प्रोसेसरच्या पोटातली ग्राफिक्स चिप बाजारात आली जानेवारी २०१० ला. म्हणजे तुमची डिस्क चिपपेक्षा वयाने मोठी आहे. तिला ही चिप माहीतच नाही, म्हणून तिने कामचलाऊ व्हीजीए ड्रायव्हर (विंडोजला चिपशी बोलायला लागणारं सॉफ्टवेअर) लावून दिला. तो चित्र दाखवतो, पण बॅकलाइटला, म्हणजे पडद्यामागच्या दिव्याला, हात लावत नाही.

बटणापासून दिव्यापर्यंत साखळी अशी असते. एफएनचं बटण आधी कीबोर्ड सांभाळणाऱ्या छोट्या कंट्रोलरकडे जातं. तो एसीपीआय या हार्डवेअर आणि सिस्टममधल्या ठरलेल्या भाषेत विंडोजला कळवतो. कुठल्या पायऱ्या उपलब्ध आहेत याची यादी बायोसमध्ये (मशीन चालू होताना सगळ्यात आधी जागं होणाऱ्या, मदरबोर्डवरच्या सॉफ्टवेअरमध्ये) असते, ती विंडोज वाचते आणि ग्राफिक्स ड्रायव्हरच्या मदतीने बॅकलाइटला नवी पायरी देते. यातली एक कडी निखळली तरी वर बसलेल्याला दिसतं ते एवढंच की बटण दाबलं आणि काही झालं नाही. पार जुन्या लॅपटॉपांत हा कंट्रोलर विंडोजला न विचारता परस्पर उजेड कमीजास्त करायचा, म्हणून तिथे ड्रायव्हर नसला तरी बटण चालायचं.

तर मुद्दा असा की धागाकर्ते बरोबर आहेत, पण कारण चुकीचं देतायत. 'हीच विंडोज चालत होती' हे खरं नाही. तेव्हा चालत होती ती कंपनीने ड्रायव्हर भरून दिलेली विंडोज.

अपडेटकर

म्हणजे माझंच म्हणणं सिद्ध झालं. डिस्क जुनी, चिपला ओळखत नाही. नवी सिस्टम स्वतःहून ओळखेल.

घिसाडी

इथेच घोडं पेंड खातं. पहिल्या पिढीच्या कोअरमधल्या ग्राफिक्ससाठी इंटेलने विंडोज १० चा ड्रायव्हर काढलाच नाही. दहा टाकली की 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अ‍ॅडॅप्टर' मिळण्याची शक्यता, म्हणजे पुन्हा हीच रड: फुल उजेड आणि पट्टी नाही. मग सातचाच ड्रायव्हर दहावर जबरदस्तीने बसवायचा. शिवाय दहाचाही सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि अकरा या प्रोसेसरला दारातही उभं करत नाही. या मशीनवर नवी विंडोज म्हणजे नक्की कुठली?

अपडेटकर

तर मग मशीनच बदला. असो. ड्रायव्हर कुठून आणणार तेवढं सांगा. शोध घेतला की पहिल्या पानावर 'ड्रायव्हर अपडेटर' म्हणवणाऱ्या भामट्यांची रांग असते. शिवाय अपडेट न केलेल्या सातला शा-२ सही (सॉफ्टवेअर अस्सल असल्याची नव्या पद्धतीची डिजिटल खूण) ओळखता येत नाही, त्यासाठी २०१९ चं वेगळं अपडेट लागतं.

घिसाडी

भामट्यांबद्दल शंभर टक्के सहमत. लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या पानावर मॉडेल नंबर टाकायचा, तिथे असेल तोच घ्यायचा. सहीची अडचण २०१० च्या ड्रायव्हरला येणार नाही, त्याच्यावर जुनीच सही असते. नवीन काही बसवायला गेलात तर मात्र येईल.

पेंग्विनचा पंखा

एवढा खटाटोप कशाला? लिनक्स पेनड्राइव्हवर टाका, इन्स्टॉल न करता चालवून बघा. इंटेलचा ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्येच असतो. पाच मिनिटांत बटणं चालायला लागतील.

दोनदा जळलेला

आलात का! लिनक्सवर सगळं आपोआप होतं हे ज्याला कधी ब्राइटनेस लावायची वेळ आली नाही त्यानेच म्हणावं. माझ्या जुन्या लॅपटॉपवर बॅकलाइटच्या दोन नोंदी दिसायच्या, एक 'एसीपीआय_व्हिडिओ०' आणि दुसरी 'इंटेल_बॅकलाइट'. पडद्यावरची पट्टी ऐटीत शून्यापासून शंभरापर्यंत जायची आणि उजेड तसूभर हलायचा नाही, कारण डेस्कटॉप पहिल्या नोंदीत लिहायचा आणि दिवा दुसरीचं ऐकायचा. ग्रबच्या (लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामच्या) ओळीत 'एसीपीआय_बॅकलाइट=नेटिव्ह' घातल्यावर सुटलं. (मशीनला रोमन लिपीतच लिहा, त्याला देवनागरी कळत नाही.)

पुढे २०२२ च्या डिसेंबरात ६.१ कर्नल आला. कुठला बॅकलाइट वापरायचा ते ठरवण्याची पद्धत त्यात बदलली, आणि दुसऱ्या लॅपटॉपवर होता तो कंट्रोलही गेला. तिथे 'व्हिडिओ' लिहावं लागलं. तेव्हा नवं ते चांगलं आणि जुनं ते मोडकं हा हिशेब दोन्ही बाजूंनी चुकतो.

पेंग्विनचा पंखा

एका ओळीत सुटलं ना? विंडोजवर तर अख्खा धागा चाललाय.

दोनदा जळलेला

ती एक ओळ सापडायला तीन रात्री गेल्या, ते लिहायचं राहिलं.

निगेटिव्हवाला

लिनक्सचा विचार केला होता. माझं स्कॅनरचं मॉडेल तिथल्या यादीत 'असमर्थित' आहे. पण लाइव्ह पेनड्राइव्हने तपासणी करायची कल्पना आवडली. लगेच करून पाहिली. उजेड कमी झाला! म्हणजे मदरबोर्ड जिवंत आहे.

घिसाडी

उत्तम. बायोसच्या निळ्या पडद्यावर बटणं दाबून बघायचा सल्लाही लोक देतात, पण तो एकाच बाजूने खरा. तिथे चाललं तर दिवा ठणठणीत. नाही चाललं तर काहीच सिद्ध होत नाही, बऱ्याच बायोसना ते जमतच नाही.

साधासोपा

तुम्ही लोक फार डोकं लावता. स्क्रीन मंद करणारं एखादं छोटं सॉफ्टवेअर टाका आणि झोपा. मी दोन वर्षं तेच वापरतोय, काही अडलेलं नाही.

निगेटिव्हवाला

तुमचं चालेल, माझं नाही. ती सॉफ्टवेअरं दिवा कमी करत नाहीत, चित्राचे रंग काळपट करतात. मागचा बॅकलाइट जळतोच आहे, त्यामुळे बॅटरी वाचत नाही. आणि प्रत्येक रंगाच्या २५६ छटांपैकी अर्ध्या उजेडावर साधारण निम्म्याच उरतात. मी निगेटिव्हच्या सावलीतला तपशील डोळ्याने बघून स्कॅनरला आकडे देतो. आभाळात पट्टे दिसले तर ते फिल्मवर आहेत की सॉफ्टवेअरने पाडलेत, हे कसं ओळखणार?

साधासोपा

बरं, फोटोवाल्यांचं दुखणं वेगळं. मागे घेतो. पण ज्याला नुसतं टायपिंग करायचंय त्याला ड्रायव्हरच्या मागे लावू नका.

खोलवर

ड्रायव्हर बसवूनही पट्टी आली नाही तर रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगांच्या वहीत, 'फीचर टेस्ट कंट्रोल' नावाची नोंद शोधा आणि तिची किंमत बदला. इंटेलवर हमखास चालतं.

घिसाडी

'हमखास' हा शब्द खोडा. ती नोंद म्हणजे एका आकड्यात कोंबलेल्या अनेक खिट्ट्या. नेटवर फिरणारा आकडा दुसऱ्याच्या मशीनसाठीचा असतो, तो टाकलात तर ब्राइटनेससोबत आणखी कुठली खिट्टी फिरली ते कळणारही नाही. त्याआधी डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'मॉनिटर्स'खाली बघा. 'जेनेरिक पीएनपी मॉनिटर' बंद पडलेला असेल तर चालू करा. फुकटात जमणारी गोष्ट आधी.

खोलवर

मूळ किंमत लिहून ठेवा आणि मग बदला, एवढं साधं आहे. रजिस्ट्रीचा बागुलबुवा करून ठेवलाय लोकांनी.

निगेटिव्हवाला

अपडेट. कंपनीच्या पानावरून आधी चिपसेटचा, मग ग्राफिक्सचा ड्रायव्हर घेतला आणि पेनड्राइव्हने बसवला. रीस्टार्ट झाल्या झाल्या अक्षरं सुबक झाली आणि पट्टी परत आली. सरकवली तर उजेड खरंच कमी होतो. रजिस्ट्रीला हात लावावा लागला नाही.

एफएनची बटणं मात्र अजून मुकी आहेत. कंपनीच्या पानावर हॉटकीचं एक छोटं सॉफ्टवेअर दिसतंय, पण त्याच्यासोबत नको ती चार सॉफ्टवेअरं येतात. पट्टी आहे तर बटणं नसली तरी चालतील, असं सध्या मत आहे.

अपडेटकर

अभिनंदन. माझं मत बदललेलं नाही. वायफायचा ड्रायव्हर बसवू नका, म्हणजे कोणी चुकूनही नेटला जोडणार नाही.

निगेटिव्हवाला

हे ऐकतो. बायोसमधूनच वायफाय बंद करून टाकलं.

दोनदा जळलेला

एक शंका. सगळ्यात खालच्या पायरीवर ठेवून मोबाइलचा कॅमेरा स्क्रीनवर धरा. आडवे पट्टे दिसतात का? बरेच एलईडी बॅकलाइट उजेड कमी करताना दिवा भराभर चालू-बंद करतात, काहींचं डोकं त्यानेच दुखतं.

निगेटिव्हवाला

दिसतायत, चांगले ठसठशीत. मधल्या पायरीवर पुसट होतात. रात्री तिथेच ठेवीन म्हणतो.