रि: १ मेच्या आत ठरवायचंय: गणित आणि कॅम्पस

मंडळी, नमस्कार.
चिरंजीवांना दोन कॉलेजांत गणिताला प्रवेश मिळालाय. त्याला न्यूयॉर्कचंच हवंय. माझ्या डोळ्यांसमोरून मात्र २०२४ चा एप्रिल हलत नाही. गाझा युद्धाविरुद्धचं आंदोलन, कोलंबिया विद्यापीठाच्या हिरवळीवरचे तंबू, तिथल्या हॅमिल्टन हॉलमध्ये घुसलेली मुलं, रात्री खिडकीतून आत शिरणारे पोलीस. त्यात त्याचा जिवलग मित्र ज्यू, आणि दोघांनी एकाच खोलीत राहायचं ठरवलंय. गणित घेऊ द्यावं का, आणि तिथे पाठवावं का?
– सुनीता

---

सुनीता, गणिताचं आधी सांगतो, ते सोपं आहे. २००० सालच्या मानाने इथे अमेरिकेत गणित-संख्याशास्त्राच्या पदव्या दुपटीहून जास्त झाल्यात. कॉम्प्युटर सायन्सच्या दारात झुंबड, म्हणून पोरं शेजारच्या दारातून शिरतात. इलिनॉय, सॅन डिएगोला तर दोन्ही विषयांची मिळून एकच पदवी आहे. पण कॅल्क्युलसमध्ये पैकीच्या पैकी मिळाले म्हणून गणित घेतलेल्यांची पुढच्या वर्गातल्या रिअल अ‍ॅनालिसिसला दांडी गुल होते. तिथे उत्तर काढायचं नसतं, सिद्ध करायचं असतं. एकाच प्रश्नाशी तीन दिवस झटायला त्याला आवडतं का, एवढं बघ.
दुसऱ्याबद्दल म्हणशील तर त्या भानगडीत आपण पडू नये. वर्ग, लायब्ररी, खोली. आणि खोली पहिल्या वर्षी दुसऱ्या कुणाबरोबर घेतली तर बरं.
– शिरीष

---

शिरीषदादा, 'भानगड' वाचलं म्हणून लिहायला बसले. मंडळाच्या गणपतीत इतकी वर्षं मोदक वळतेय, त्यामुळे लोक विसरतात, पण आम्ही बेने इस्रायल, कोकणातले ज्यू. आजोळ अलिबागजवळ नवगावचं, शनिवारी तेलाचा घाणा बंद, म्हणून गावात आम्हाला शनिवार तेली म्हणायचे.
माझी धाकटी अशाच एका कॉलेजात (नाव नको) गणिताच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आमच्या दाराच्या चौकटीला मेझुझा असतो. बोटभर डबी, आत चर्मपत्रावर हाताने लिहिलेली वचनं. तिच्या खोलीचा कुणीतरी उपटून नेला. फोनवर म्हणाली, "आई, दोन भोकं राहिलीत नुसती." होस्टेलच्या ऑफिसात सांगितलं तर त्यांनी ते दुरुस्तीच्या रकान्यात लिहून घेतलं. वर्षअखेरीला भोकांचे पैसे डिपॉझिटमधून कापले! तेव्हापासून गळ्यातला ज्यूंचा सहा टोकांचा तारा स्वेटरच्या आत असतो.
तिच्या गृहपाठाच्या गटात एक मुलगा आहे, त्याचे नातेवाईक गाझात. दोघं वर्षभर एकमेकांशी बोलत नाहीत, पण सिद्धतांची फाइल एकच. समासात तो लिहितो, "ही पायरी सुटली", ती दुरुस्त करते. एवढाच संवाद. इस्रायल सरकारवर टीका केली म्हणून तिचं ज्यू मुलामुलींशीही वाजलंय. कोलंबियाच्या त्या तंबूंत ज्यू मुलांनी पासओव्हर सणाचं सेडर, म्हणजे विधीचं जेवण, केलं होतं, आणि त्याच सुमारास तिथल्या एका रॅबायनी (धर्मगुरूंनी) ज्यू मुलांना घरी जायला सांगितलं होतं. आम्हाला एका गठ्ठ्यात बांधू नका.
सुनीता, काही झालंच तर तक्रार लेखी कर आणि त्यात 'टायटल सहा' हे शब्द घाल. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याच्या, भेदभावाला बंदी करणाऱ्या या भागात धर्माचं नाव नाही, पण वंशपरंपरेच्या मुद्द्यावर तो ज्यूंना लागू होतो, तसाच शीख, मुसलमान, हिंदूंनाही. ते शब्द दिसले की कागद दुरुस्तीत जात नाही.
– एस्तेर

---

एस्तेरच्या पत्राला जोड देतो. हार्वर्डचे अध्यक्ष लॉवेल यांना १९२२ साली ज्यू मुलं फार झाली असं वाटू लागलं. उघड मर्यादा प्राध्यापकांनी होऊ दिली नाही, तेव्हा 'चारित्र्य' बघणं आलं, अर्जावर फोटो आला, आणि आकडा बरोबर खाली आला. त्याच दशकात आपले गोव्याचे गणितज्ञ दामोदर कोसंबी तिथे शिकत होते, १९२९ ला पदवीधर झाले. त्यांना "गणितच धर" म्हणणारे तिथले गणिताचे प्राध्यापक बर्कॉफ. त्याच बर्कॉफना आइनस्टाइनने ज्यूद्वेष्टे म्हटलं होतं. आणि पुढे कोसंबींना अलीगढ विद्यापीठात नेलं ते फ्रेंच गणितज्ञ आंद्रे वेल यांनी, स्वतः ज्यू, वय जेमतेम पंचवीस. शिरीष, वेलनी 'भानगड नको' म्हटलं असतं तर?
– प्रभाकरकाका

---

काका, एस्तेर, शब्द मागे घेतो. खोलीचंही. रिअल अ‍ॅनालिसिसचं मागे घेत नाही.
– शिरीष

---

मित्राच्या आईला फोन केला. ती बिचारी मलाच विचारत होती, मेझुझा दाराबाहेर लावू की आतल्या बाजूला? मला काय कळतंय! एस्तेर, तूच सांग. डिपॉझिट उद्या भरतेय.
– सुनीता

---

बाहेरच. पण खिळे नकोत, दुहेरी चिकटपट्टी लाव म्हणावं. आणि रविवारी आमच्याकडे मलिदा (आमचा आभाराचा विधी) आहे, दोघी या. नारळ खवायला माणसं कमी आहेत.
– एस्तेर