एअर की कॉइल? डोंगरातल्या स्नोमोबाइलच्या शॉकचे अनुभव

डोंगरात स्नोमोबाइल (पुढे दोन स्की आणि मागे फिरता पट्टा असलेली बर्फावरची गाडी) चालवणाऱ्यांनी आपापले अनुभव लिहावेत म्हणून हा धागा. शॉक म्हणजे धक्के शोषणारा भाग; एअर शॉकमध्ये गाडीचा भार कोंडलेली हवा पेलते, कॉइल शॉकमध्ये स्टीलची स्प्रिंग. एअर शॉक हलका असतो यात वाद नाही, त्यात स्टीलची स्प्रिंगच नसते. पण दिवसभर चालवल्यावर हातांना आणि पाठीला काय जाणवलं, ते वाचायचं आहे.

सुरुवात मी करतो. गॅरेजमध्ये २० अंशांना स्कीच्या एअर शॉकमध्ये मोजून ७० पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) हवा भरली. दुसऱ्या दिवशी पहाटे उणे २० अंशांत गाडी ट्रेलरवरून उतरवली, तर नाक खाली गेलेलं. हवा अडवणारं सील गेलं असं समजून धस्स झालं. गेज लावलं तर ५८ च्या आसपास. हवा गळलेली नव्हती, थंडीने दाब उतरला होता. आता गाडी बाहेर चांगली गार झाल्यावरच हवा भरतो, तीही स्की जमिनीवरून उचलून. शॉकवर गाडीचा भार असताना आलेला आकडा धरायचा नाही.

* * *

मी कॉइलवाली. ताज्या बर्फापर्यंत पोचायलाच मला तासभर कडक वाटेने जावं लागतं आणि ती वाट म्हणजे एकामागून एक उंचवटे. एअर शॉकची सीलं आतबाहेर सरकणाऱ्या दांड्याला घट्ट धरतात, त्यामुळे बारीक धक्क्याला शॉक लगेच हलत नाही, तो धक्का थेट मनगटात येतो. शिवाय सतत आपटून शॉक तापला की आतली हवाही तापते, दाब वाढतो, आणि वाट संपेपर्यंत पुढची बाजू आणखी ताठ होते. माझं मनगट पूर्वी मोडलेलं आहे, त्यामुळे हा फरक मला पहिल्याच दिवशी कळला. कॉइल लावल्यापासून वर पोचल्यावर हातमोजा काढून मनगट चोळावं लागत नाही. वजन वाढलं, गाडी रुतली की उचलताना ते कळतं. तरी परत बदलणार नाही.

* * *

माझं वजन ११० किलो, मुलीचं ५५. गाडी एकच. कॉइलची प्रीलोड रिंग (स्प्रिंग आधीच थोडी दाबून ठेवणारी) आवळून बघितली, गाडी उंच झाली, पण स्प्रिंग तेवढीच मऊ राहिली. रिंगने स्प्रिंगचा कडकपणा बदलत नाही, त्यासाठी स्प्रिंगच बदलावी लागते. एअरमध्ये दोन मिनिटांत काम होतं, म्हणून आमच्या घरी एअरच.

* * *

उड्या मारणाऱ्यांसाठी लिहितो. हवा जितकी दाबावी तितकी ती झपाट्याने कडक होत जाते, त्यामुळे शॉकचा शेवटचा भाग उशीसारखा अडवतो. साध्या कॉइलची स्प्रिंग सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच चढाने कडक होते. मऊ स्प्रिंग ठेवून उतरलो तेव्हा शॉक तळाला आपटल्याचा आवाज हेल्मेटमधूनही ऐकू आला. भुसभुशीत खोल बर्फात तर बारीक धक्के बर्फच खातो, तिथे कॉइलचा मऊपणा फारसा कामी येत नाही.

आणि उंचीचं गणित थंडीच्या उलट असतं. ३००० मीटरवर बाहेरचा दाब समुद्रसपाटीपेक्षा साधारण साडेचार पीएसआयने कमी, म्हणून बंद शॉकवर गेज तेवढं जास्त दाखवतं.

* * *

डाव्या एअर शॉकचं सील दूर डोंगरात गेलं. ती बाजू पूर्ण बसली आणि परतीच्या सगळ्या वाटेवर हँडल डावीकडे ओढत राहिलं. संध्याकाळपर्यंत खांदा भरून आला. कॉइल शॉकचंही तेल गळतं, पण स्प्रिंग गाडी उभी धरते, घरी आणते. चूक माझीच, दोन हंगाम सीलं बदलली नव्हती. आता दर हंगामाला बदलतो, पंप बॅगेत असतो, आणि दांड्यावर गोठलेला बर्फ कापडाने पुसतो. स्क्रूड्रायव्हरने खरवडू नका, दांड्यावर एक ओरखडा पडला की तो सील कापतो.

* * *

मी दोन्ही वापरतो. स्कीला एअर, पट्ट्याच्या पुढच्या शॉकला कॉइल. उतारावर आडवं चालताना स्कीतली थोडी हवा सोडली की गाडी कलती करणं सोपं जातं. पट्ट्याचा पुढचा शॉक मात्र वाटेवरचा बराचसा मार खातो, तिथे तापला तरी न बदलणारी स्प्रिंग हवी. ती फार कडक घेऊ नका, स्कीवरचा भार कमी होऊन गाडी वळायला कुरकुर करते. माझ्याकडून पहिल्यांदा तेच झालं होतं. आता एक पायरी मऊ स्प्रिंग आणून ठेवली आहे. बसवून दोन दिवस चालवली की इथेच लिहितो.